आपल्या गोळ्यांचा सातबारा आपल्याच हाती

२०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा भागात खोकल्याचं औषध घेतलेली लहान मुलं दगावली. त्यातल्या काहींना उपचारांसाठी नागपुरात आणलं होतं. बाटलीतल्या औषधात डायइथिलिन ग्लायकॉल सापडलं. हे कारखान्यांत वापरायचं रसायन आहे आणि पोटात गेलं तर मूत्रपिंडं निकामी करतं. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनानेही त्या बॅचचं औषध वापरू नका, असं जाहीर केलं. त्यानंतर घराघरांतून एकच प्रश्न आला: आम्ही काय करायचं?

आधी स्पष्ट सांगायला हवं, की असं विष आईबापांना बाटली बघून ओळखता येत नाही. ते रंगावरून कळत नाही, वासावरूनही नाही. चवीला तर ते गोडच लागतं. ते तपासणं हे कंपनीचं आणि सरकारचं काम आहे. ते काम झालं नाही, तर त्याचा दोष कुठल्याही आईने स्वतःकडे घेऊ नये.

पण त्याआधीचा एक निर्णय घरात होतो. साध्या सर्दी-खोकल्यासाठी एवढ्याशा बाळाला ते औषध द्यायचंच का? केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने ३ ऑक्टोबर २०२५ रोजी काढलेल्या सूचनेत म्हटलं होतं, की दोन वर्षांखालच्या मुलांना खोकला-सर्दीची औषधं देऊ नयेत आणि पाच वर्षांखालच्या मुलांनाही ती सर्वसाधारणपणे देऊ नयेत. मुलांचा बहुतेक खोकला आपोआप बरा होतो. पाणी, विश्रांती आणि बाळाच्या श्वासावर लक्ष, एवढं बहुतेक वेळा पुरतं. श्वास जलद चालत असेल, छाती आत ओढली जात असेल, बाळ दूध पीत नसेल, तर मात्र मेडिकलच्या दुकानात नाही, थेट डॉक्टरकडे जायचं.

औषधांच्या सुरक्षिततेत आपल्या हातात नसलेला भाग मोठा आहे. हातात असलेला भागही आपल्याला वाटतो त्यापेक्षा पुष्कळ मोठा आहे. हा लेख त्या दुसऱ्या भागाबद्दल आहे.

औषध बरोबर, तरी इजा कशी?

औषधाने होणारी इजा दोन प्रकारची असते. पहिली म्हणजे दुष्परिणाम, ज्याला आपण साइड इफेक्ट म्हणतो. औषध योग्य, मात्रा योग्य, घेण्याची पद्धतही योग्य, तरी शरीराला ते सोसत नाही. हे दर वेळी टाळता येत नाही, पण लवकर ओळखता येतं. दुसरी म्हणजे चुकीतून झालेली इजा. नाव चुकलं, मात्रा चुकली, वेळ चुकली, दोन औषधं एकमेकांशी भांडली, किंवा एकच औषध दोनदा पोटात गेलं. ही टाळता येते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये या दुसऱ्या प्रकारासाठी जगभर मोहीम सुरू केली. टाळता येण्याजोगी गंभीर इजा पाच वर्षांत निम्म्यावर आणायची, असं तिचं उद्दिष्ट होतं. १७ सप्टेंबर हा जागतिक रुग्ण सुरक्षा दिन असतो आणि २०२२ सालचा त्याचा विषयही औषधांची सुरक्षितता हाच होता. त्या मोहिमेत रुग्णाने जागं राहायचे पाच क्षण सांगितले आहेत: औषध सुरू होताना, रोज घेताना, त्यात नवीन औषध वाढताना, सगळ्या औषधांचा आढावा घेताना आणि औषध थांबवताना. या पाचही क्षणी हजर असणारी व्यक्ती एकच असते, ती म्हणजे रुग्ण. किंवा त्याच्या गोळ्यांकडे बघणारी सून, लेक, नवरा.

सगळं चित्र कुणाकडेच नसतं

समजा, पिंपळगाव बसवंतच्या एक आजी आहेत. गावातल्या डॉक्टरांनी त्यांना बीपीसाठी अॅम्लोडिपिन सुरू केलं. गोळी चांगली आहे, लाखो लोक घेतात. पण काही जणांच्या पायांना तिने सूज येते. आजींचे घोटे सुजले. मुलाने त्यांना नाशिकला कॅनडा कॉर्नरच्या एका दवाखान्यात नेलं. "काही औषध चालू आहे का?" असं डॉक्टरांनी विचारल्यावर आजी म्हणाल्या, "नाही, बीपीचीच एक गोळी आहे." कोणती, ते कुणालाच सांगता आलं नाही. सूज उतरावी म्हणून लघवी जास्त होण्याची गोळी मिळाली. त्या प्रकारच्या गोळ्यांनी रक्तातलं युरिक अॅसिड वाढू शकतं आणि त्यामुळे सांधे दुखू शकतात. पुढे पायाचा अंगठा ठणकायला लागला. मग हाडांच्या डॉक्टरांकडून दुखण्याची गोळी. दुखण्याच्या गोळ्यांनी बीपी चढू शकतं आणि मूत्रपिंडावर ताण येतो. आजींचं बीपी चढलं, म्हणून गावातल्या डॉक्टरांनी पहिल्या गोळीची मात्रा वाढवली. सूज आणखी वाढली.

यात एकाही डॉक्टरने वेडंवाकडं काही केलेलं नाही. समोर दिसलेल्या त्रासावर प्रत्येकाने योग्य तेच दिलं. पण पहिल्या गोळीचा त्रास हा नवा आजार समजला गेला, त्यावर दुसरी गोळी आली, आणि दुसरीच्या त्रासावर तिसरी. अशा साखळ्या डॉक्टरांना चांगल्या ओळखीच्या आहेत. एनालाप्रिल, रामिप्रिल या बीपीच्या गोळ्यांनी काहींना कोरडा खोकला लागतो. महिनोन् महिने खोकल्याच्या बाटल्या रिकाम्या होतात, छातीचे एक्सरे निघतात, आणि बीपीची गोळी मात्र कुणाच्या डोळ्यापुढे येत नाही. म्हणून नवीन त्रास सुरू झाला, की एक प्रश्न नक्की विचारावा: "हा त्रास मी घेत असलेल्या एखाद्या गोळीमुळे तर नसेल?" माझ्या मते या लेखातला सगळ्यात उपयोगी प्रश्न हाच आहे.

या साखळीत एक जोड खास धोक्याची आहे. लघवीची गोळी, बीपीची 'प्रिल' किंवा 'सार्टन' शेवट असलेली गोळी (एनालाप्रिल, टेल्मिसार्टन वगैरे) आणि दुखण्याची गोळी या तिन्ही एकत्र आल्या, की मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा कमी होऊ शकतो. त्यात शरीरातलं पाणी कमी झालेलं असेल तर आणखीच. आपल्या नाशिक जिल्ह्यात हे नुसतं पुस्तकातलं नाही. एप्रिलात द्राक्षबागांच्या खरड छाटणीला दिवसभर उन्हात उभं राहणारे लोक संध्याकाळी कंबर-खांदे दुखतात म्हणून डायक्लोफिनॅक किंवा असिक्लोफिनॅकची गोळी मेडिकलमधून नुसती मागून घेतात. तरुण, धडधाकट माणसाला एखाद्या दिवशी त्याने फार काही होत नाही. बीपी-शुगरच्या गोळ्या चालू असलेल्या पन्नाशीतल्या माणसाने मात्र ती रोज घेणं हा मूत्रपिंडाशी केलेला फार वाईट व्यवहार आहे.

सातबारा काढायचा कसा?

जमिनीचं काहीही काम असलं, की पहिल्यांदा सातबारा मागतात. मालक कोण, क्षेत्र किती, पीक कोणतं, बँकेचा बोजा किती, हे सगळं त्यावर असतं. तोंडी सांगितलेलं कुणी धरत नाही. औषधांच्या बाबतीत मात्र आपण "ती पांढरी छोटी गोळी, सकाळची" एवढ्यावर काम चालवतो. घरात ज्यांना दोनपेक्षा जास्त औषधं कायमची आहेत, त्या प्रत्येकाचा असा एक उतारा असला पाहिजे.

त्यासाठी वही, कार्ड, जुन्या कॅलेंडरचं कोरं पान, काहीही चालेल. सगळ्यात वर नाव, वय, वजन आणि कशाची अॅलर्जी आहे ते लाल शाईने. मूत्रपिंड, यकृत किंवा दम्याचा त्रास असेल, बाई गरोदर असेल किंवा बाळाला अंगावर पाजत असेल, तर तेही तिथेच. खाली प्रत्येक औषधाला एक ओळ: नाव, किती मिलिग्रॅम, कधी घ्यायचं, कशासाठी, कुणी सुरू केलं, कधीपासून. 'कशासाठी' हा रकाना लोक हमखास सोडतात आणि तोच सगळ्यात कामाचा आहे. एखाद्या गोळीपुढे तो भरताच आला नाही, तर पुढच्या भेटीत त्याच गोळीबद्दल विचारायचं. पित्ताची गोळी कधीतरी पंधरा दिवसांसाठी दिलेली असते आणि वर्षानुवर्षं चालू राहते, ती अशीच सापडते.

नाव लिहिताना स्ट्रिपवर मोठ्या अक्षरात छापलेलं ब्रँडचं नाव आणि लहान अक्षरातलं मूळ औषधाचं नाव, दोन्ही लिहा. मेडिकलवाला दुसऱ्या कंपनीची गोळी देतो तेव्हा ब्रँड बदलतो, मूळ नाव बदलत नाही. इंग्रजी वाचायची अडचण असेल तर शाळेत जाणारी नात हे काम हौसेने करते. नाहीतर स्ट्रिपच्या मागच्या बाजूचा स्पष्ट फोटो मोबाईलमध्ये ठेवा.

यादीत नुसत्या गोळ्या येत नाहीत. इन्सुलिन, दम्याचा पंप, महिन्याला घ्यायचं इंजेक्शन, मलम, चूर्ण, काढा, जिममधली पावडर, सगळं येतं. डोळ्यांचे थेंबसुद्धा. काचबिंदूसाठी देतात त्या टिमोलॉलच्या थेंबांनी दमा असलेल्या माणसाचा दम वाढू शकतो. थेंब डोळ्यात घालतो म्हणून छातीच्या डॉक्टरांना सांगायचं कुणाच्या मनातही येत नाही.

आणि फेरफार नोंदवत राहा. मात्रा बदलली, गोळी बंद झाली, की त्याच दिवशी खोडून नवीन लिहा. खालच्या कोपऱ्यात तारीख टाका. अॅडमिट होताना आणि डिस्चार्ज मिळताना ही यादी समोर ठेवून एकदा मिळवून बघणं फार गरजेचं आहे. घरातल्या जुन्या गोळ्या आणि डिस्चार्जच्या कागदावरच्या नव्या गोळ्या दोन्ही चालू राहण्याचा धोका तेव्हाच सगळ्यात जास्त असतो.

एकच औषध, तीन नावं

क्रोसिन, कॅल्पोल, डोलो: तिन्हींत पॅरासिटामॉल आहे. सर्दीच्या बऱ्याच तयार गोळ्यांमध्ये ते असतं आणि अंगदुखीच्या जोडगोळ्यांमध्येही (एकाच गोळीत दोन औषधं असलेल्या) असतं. धडधाकट मोठ्या माणसासाठी २४ तासांत ४००० मिलिग्रॅम ही वरची हद्द मानतात. दारू घेणाऱ्यांसाठी, यकृताचा त्रास असलेल्यांसाठी आणि अगदी कमी वजनाच्या माणसांसाठी ती याहून खाली आहे.

आता हिशेब करा. ताप आहे म्हणून ६५० ची गोळी दिवसातून चारदा, झाले २६००. नाक गळतंय म्हणून सर्दीची गोळी तीनदा, प्रत्येकीत ५०० धरलं तर १५००. अंग दुखतंय म्हणून ३२५ असलेली जोडगोळी दोनदा, ६५०. बेरीज ४७५०. तीन वेगवेगळ्या गोळ्या घेतल्या असं माणसाला वाटतं, पण यकृताला एकच औषध हद्दीबाहेर पोहोचलेलं असतं. पॅरासिटामॉल हे नीट घेतलं तर सुरक्षित औषध आहे, त्याला घाबरायचं कारण नाही. ते कुठे कुठे आहे, एवढं बघायचं.

मेडिकलच्या काउंटरवर

नाशिकमध्ये औषधांचा घाऊक बाजार गोळे कॉलनीत आहे. तिथून गल्लोगल्लीच्या दुकानांत माल जातो. औषध आणि रुग्ण यांच्यामधला शेवटचा शिकलेला माणूस म्हणजे त्या दुकानातला फार्मासिस्ट. त्याला नुसता विक्रेता समजू नका. नव्या औषधाबद्दल त्याला विचारणं हा आपला हक्क आहे.

पिशवी हातात आली, की निघायच्या आधी चिठ्ठी आणि स्ट्रिप शेजारी धरून नाव आणि मिलिग्रॅम जुळवा. सारख्या नावांचे घोटाळे खरे आहेत: मेटफॉर्मिन मधुमेहाचं, मेट्रोनिडॅझोल जंतुसंसर्गाचं. हायड्रॉक्सिझिन खाजेसाठी, हायड्रॅलॅझिन बीपीसाठी. नेहमीच्या गोळीचा रंग किंवा आकार बदललेला दिसला तर "हे तेच आहे ना?" असं विचारल्याशिवाय काउंटर सोडू नका. बहुतेक वेळा कंपनी बदललेली असते, क्वचित औषधच बदललेलं असतं.

चारच गोळ्या हव्या असतील तर स्ट्रिप कापून मिळते. नाव, बॅच नंबर आणि मुदत छापलेला तुकडा आपल्याकडे येईल अशी कापायला सांगा. मुदतीत फक्त महिना-वर्ष असेल, तर त्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत औषध चालतं. बिल घ्याच. त्यावर बॅच नंबर असतो, आणि उद्या एखादी बॅच परत मागवली तर घरातली बाटली त्यातलीच आहे का, हे त्यावरूनच कळतं. २०२३ च्या ऑगस्टपासून ३०० आघाडीच्या ब्रँडवर क्यूआर किंवा बारकोड बंधनकारक झाला आहे. मोबाईलने तो वाचून नाव, बॅच आणि मुदत ताडून बघता येते. औषधाबद्दल शंका आली तर अन्न व औषध प्रशासनाचा टोल-फ्री नंबर १८००-२२२-३६५ आहे.

स्ट्रिपच्या डाव्या कडेला उभी लाल रेघ दिसली, तर ते औषध डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायला कायद्याने मनाई आहे. १ मार्च २०१४ पासून लागू झालेल्या 'एच-वन' यादीतली काही अँटिबायोटिक्स, टीबीची औषधं आणि झोपेच्या गोळ्या विकताना तर दुकानदाराला रुग्णाचं आणि डॉक्टरचं नाव वेगळ्या रजिस्टरात लिहावं लागतं. दुकानदाराने चिठ्ठी मागितली तर तो अडवणूक करत नाही, आपलं काम करतो आहे.

इन्सुलिन घेणाऱ्यांनी इथे थांबून वाचावं. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुधा एका मिलिलिटरला ४० युनिटचं असतं, पेनमधलं १०० युनिटचं. सिरिंजही दोन प्रकारच्या मिळतात: ४० वाल्याला लाल टोपण, १०० वाल्याला नारिंगी. १०० युनिटचं इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत भरलं, तर २० ऐवजी ५० युनिट अंगात जातात. शुगर इतकी खाली येते, की माणूस बेशुद्ध पडू शकतो. उलट केलं तर २० ऐवजी ८ च युनिट मिळतात. बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा दर खरेदीला जुळवायचा, यात हयगय नको.

चमचा, चहा आणि फ्रिज

मुलांच्या पॅरासिटामॉलच्या बाटल्या वेगवेगळ्या ताकदीच्या असतात. ५ मिलिलिटरमध्ये १२० किंवा १२५ मिलिग्रॅमची एक, २५० ची दुसरी, आणि बाळांसाठीचे थेंब तर १ मिलिलिटरमध्येच १०० मिलिग्रॅमचे. "ताप आला की एक चमचा" हे घरातलं वाक्य म्हणूनच धोक्याचं आहे. कोणती बाटली आणि किती मिलिलिटर, ते बाळाच्या वजनावरून डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि बाटलीसोबत मिळालेल्या मापानेच द्या. स्वयंपाकघरातले चमचे एकसारखे नसतात.

थायरॉईडची गोळी उपाशीपोटी साध्या पाण्यासोबत घ्यायची आणि चहा-नाश्ता अर्ध्या ते एका तासाने. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या तिच्यापासून चार तास लांब. लोहाची गोळी चहासोबत घेतली तर लोह पुरेसं अंगी लागत नाही. नावापुढे एसआर, ईआर किंवा एक्सआर असेल तर ती गोळी हळूहळू विरघळण्यासाठी बनवलेली असते. ती कुटून दिली तर दिवसभराचं औषध एकदम सुटतं. गिळता येत नसेल तर डॉक्टरांकडून दुसरा प्रकार लिहून घ्यावा.

मेथोट्रेक्सेटबद्दल थोडं सविस्तर, कारण इथली चूक जीवावर बेतते. संधिवात आणि सोरायसिससाठी हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. बाकी सगळ्या गोळ्या रोज घ्यायची सवय असते, म्हणून हीही रोज घेतली जाते. सोबत फॉलिक अॅसिड दिलेलं असतं आणि दोन्ही गोळ्या लहान, बऱ्याचदा पिवळ्याच. रोज घेतल्यास हाडांच्या मगजावर परिणाम होऊन रक्तपेशी घटतात. यादीत ठळक लिहा: 'मेथोट्रेक्सेट, फक्त रविवारी', किंवा जो वार ठरला असेल तो. तोंडात फोड आले, ताप आला, अंगावर निळसर डाग दिसले, तर वाट न बघता डॉक्टरांना गाठा.

न उघडलेलं इन्सुलिन फ्रिजच्या कप्प्यात ठेवायचं, बर्फाच्या खणात कधीच नाही. नाशिकचा उन्हाळाही आता चाळिशीला टेकतो. दारात उभ्या गाडीत औषधांची पिशवी ठेवू नका.

उपासांचंही विचारून ठेवा. एकादशी, श्रावण, नवरात्र, वणीच्या गडाची पायी वारी, पौषातली निवृत्तिनाथांची यात्रा. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड चालू असताना जेवण सोडलं तर शुगर धाडकन उतरते. गोळी आपल्या मनाने बंद करणं हा त्यावरचा उपाय नाही. उपासाच्या आधी डॉक्टरांकडून त्या दिवसांची मात्रा ठरवून घेतली की प्रश्न सुटतो. २०२७ च्या सिंहस्थात, विशेषतः ऑगस्ट-सप्टेंबरच्या मुख्य स्नानांच्या दिवसांत, रस्ते बंद असतील. शहरात राहणाऱ्यांनी नेहमीची औषधं आठ-पंधरा दिवस आधीच आणून ठेवावीत.

कोलेस्टेरॉलच्या गोळीवर द्राक्षं चालत नाहीत, असा निरोप मोबाईलवर फिरतो. द्राक्षांच्या जिल्ह्यात त्याने घबराट व्हायचीच. तो इशारा लिंबाच्या कुळातल्या ग्रेपफ्रूटचा आहे, आणि त्याच्या जवळच्या पपनसाबद्दलही जपावं. आपल्या बागेतल्या द्राक्षांना तो लागू नाही. मधुमेह असेल तर द्राक्षं बेताने खायची, पण त्याचं कारण साखर हे आहे.

"बरं वाटतंय, मग कशाला घेऊ?"

बीपीची गोळी चालू आहे म्हणून बीपी बरोबर आहे. ती सोडली की काही दिवसांत ते परत चढतं, आणि बऱ्याचदा काहीच जाणवत नाही. फिटची औषधं, स्टेरॉईडच्या गोळ्या, आणि अॅटेनोलॉल, मेटोप्रोलॉलसारख्या हृदयाच्या गोळ्या एकाएकी बंद करणं तर थेट धोक्याचं आहे. त्या हळूहळू कमी कराव्या लागतात. गोळी परवडत नसेल तर तसं डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा. जनऔषधी केंद्रात बरीच औषधं मूळ नावाने कमी किमतीत मिळतात. परवडत नाही हे लपवून एक दिवसाआड गोळी घेण्यापेक्षा ते कितीतरी चांगलं.

चुकलेल्या गोळीबद्दल साधारण नियम असा: आठवलं की घ्यायची. पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर चुकलेली सोडून द्यायची. दोन एकदम कधीच नाही.

उरलेली अँटिबायोटिक्स पुढच्या वेळेसाठी किंवा शेजाऱ्यांसाठी जपून ठेवू नका. पुढचा आजार तोच असेल असं नाही, आणि अर्धवट वापराने जंतू औषधाला दाद देईनासे होतात.

"आयुर्वेदिक आहे, त्याने काय होतंय?"

झाडपाल्याचं औषधही औषधच असतं, आणि ज्याचा परिणाम होतो त्याचा दुष्परिणामही होऊ शकतो. ते घेऊ नका असं मी म्हणत नाही. शिकलेल्या वैद्यांकडून घ्या, यादीत लिहा आणि दोन्हीकडे सांगा. रक्त पातळ करणारी वॉरफरिनची गोळी चालू असेल तर हे फारच महत्त्वाचं, कारण तिचा परिणाम पालेभाज्या एकदम कमी-जास्त केल्यानेही बदलतो. लेबल नसलेल्या पुडीपासून मात्र लांब राहा. दोन दिवसांत गुडघे मोकळे करणाऱ्या अशा चूर्णांमध्ये स्टेरॉईड मिसळलेलं आढळण्याचे प्रकार डॉक्टरांना नवे नाहीत.

"डॉक्टर रागावतात, विचारायचं कसं?"

ही अडचण खरी आहे. सिव्हिलच्या ओपीडीत सुरगाणा-पेठहून आलेला माणूस दोन तास रांगेत उभा राहतो आणि त्याला काही मिनिटं मिळतात. खाजगीतही बाहेर बाकं भरलेली असतात. डॉक्टरांना वेळ नाही हे मान्य करूनच विचारायचं, आणि म्हणून यादीचा कागद आधी टेबलावर ठेवायचा. "काय चालू आहे?" या प्रश्नात जाणारा वेळ वाचला, की तोच आपल्या प्रश्नाला मिळतो.

प्रश्नही थोडेच ठेवा. हे कशासाठी? किती दिवस? कोणता त्रास झाला तर लगेच यायचं? आणि निघताना ऐकलेलं आपल्या शब्दांत परत म्हणून दाखवा: "म्हणजे ही सकाळी उपाशीपोटी, ही रात्री जेवून, आणि ही फक्त दुखलं तर, बरोबर ना डॉक्टर?" चिठ्ठीवरचं ओडी म्हणजे दिवसातून एकदा, बीडी दोनदा, टीडीएस तीनदा, एचएस झोपताना आणि एसओएस गरज पडली तरच. अक्षर लागत नसेल तर तिथेच विचारा, दुकानदाराला अंदाज करायला लावू नका. अशा प्रश्नाने चांगला डॉक्टर दुखावत नाही. आजींच्या पायाच्या सुजेचं कारण याच संवादात सापडतं.

"म्हणजे सगळं पेशंटनेच करायचं?"

अजिबात नाही. वाचता येईल अशी चिठ्ठी, प्रशिक्षित फार्मासिस्ट, बाजारात यायच्या आधी तपासलेली बाटली, पुरेसे डॉक्टर हे सगळं व्यवस्थेचं देणं आहे आणि ते मागत राहिलं पाहिजे. एकटे राहणारे, विसरभोळे झालेले, न वाचू शकणारे लोक तर एवढं करूही शकत नाहीत. त्यांच्यासाठी आठवड्याच्या खणांची गोळ्यांची डबी भरून देणं, आशाताईंना यादी दाखवणं, एवढं शेजारपाजार करू शकतो. पण व्यवस्था सुधारेपर्यंत रोजची गोळी थांबत नाही, म्हणून यादी आजच लिहायला घ्यायची.

त्रास झालाच तर

अंगावर पुरळ, चेहरा-ओठ सुजणं, श्वास लागणं, काळी शी होणं, डोळे पिवळे होणं, एकाएकी भोवळ येणं: नवीन औषधानंतर यातलं काही झालं तर पहिलं काम डॉक्टरांकडे जाणं. श्वास लागत असेल तर १०८ ला फोन.

त्यानंतरचं एक काम आपल्याकडे फार थोडे लोक करतात. दुष्परिणाम सरकारला कळवता येतो, आणि तो रुग्ण स्वतः कळवू शकतो. देशात २०१० पासून औषधांच्या दुष्परिणामांवर लक्ष ठेवणारा कार्यक्रम चालू आहे. त्याचं मुख्य केंद्र गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगात आहे आणि टोल-फ्री नंबर १८००-१८०-३०२४, कामकाजाच्या दिवशी. ग्राहकांसाठीचा अर्ज मराठीतही आहे. दुष्परिणाम औषधामुळेच झाला हे आपण सिद्ध करायचं नसतं, नुसती शंका पुरते. पडताळणी तिथले तज्ज्ञ करतात, आणि अशा नोंदी साठत गेल्यावर एखाद्या औषधाच्या माहितीपत्रकात नवा इशारा येतो.

फोन करताना औषधाचं नाव, बॅच नंबर, कधी सुरू केलं, त्रास कधी झाला आणि सोबत आणखी कोणत्या गोळ्या चालू होत्या, हे विचारलं जाईल. यादी जवळ घेऊन बसा, आणि अशा वेळी रिकामी स्ट्रिप किंवा बाटली केरात टाकू नका.